देखणी गाडी, दूरचा पल्ला आणि मुकुंदनाना

मुकुंदराव रत्नपारखी यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात, जमिनीवर उकिडवे बसलेले. बाजाराच्या कडेला माझे वडील, म्हणजे आबा, खोगिरं, झुली आणि गोंडे मांडून बसत. माझं लग्न होऊन मी संगमनेरला गेले होते, पण माहेरी आले की आबांच्या शेजारी बसून शिवायची माझी सवय सुटली नव्हती. त्या दिवशी पांढरा शर्ट, जाड चष्मा आणि ग्रीसचे डाग पडलेले बूट अशा वेशातले एक गृहस्थ आले. त्यांनी उकिडवं बसून एक खोगीर उचललं आणि उलटं केलं. गिऱ्हाईक खोगीर वरून बघतं. हे आतून बघत होते, अंगठ्याने दाबत होते, शिवणीवरून बोट फिरवत होते.

"कोणतं जनावर हाय?" आबांनी विचारलं.

"मोटारसायकल."

आबांना वाटलं, माणूस चेष्टा करतोय. पण चष्म्याआडचे डोळे अगदी गंभीर होते. त्यांनी खोगिराच्या मधली मोकळी पन्हाळी दाखवून विचारलं, "इथे भरण का नाही घातलं?"

"कण्यावर वझं पडाया नगं," आबा म्हणाले. "कणा मोकळा ऱ्हायला पायजे. वझं दोन्ही अंगांच्या मासावर घ्यायचं."

"आणि दोन्ही बाजूंना सारखंच वजन?"

"सारखंच. न्हाई तर घोडं वाकडं चालतं. अन् वझं खाली धरायचं, पोटाजवळ. वर बांधलं का झुलतं, अन् झुललं का घसरतं."

'घसरतं' हा शब्द ऐकून त्या गृहस्थांनी खोगीर खाली ठेवलं. मग खिशातून डायरी काढून त्यांनी आबांचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. आबांच्या उभ्या आयुष्यात त्यांचं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. जाताना त्यांनी विचारलं, "ही शिवण कोणाची?" आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी संगमनेरलाच राहते हे कळल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, मला तुमच्याकडून शिकायचंय. संगमनेरात पुणे रस्त्याला माझी शेड आहे. घरच्यांना विचारून या."

मी तेव्हा तिशीच्याही आतली. ते माझ्या वडिलांच्या वयाचे. तेव्हापासून आजपर्यंत त्यांनी मला 'ताई' आणि 'तुम्ही' याशिवाय हाक मारलेली नाही.

मुकुंदरावांच्या, म्हणजे आमच्या नानांच्या, अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात गाड्यांच्या क्षेत्रातली जाणकार मंडळी लिहीत आहेत. मी मोटारसायकलच्या सीट शिवणारी बाई. पण संपादक मंडळाने आग्रह केला, आणि नानांच्या शेडमध्ये सर्वांत जास्त दिवस काढलेलं माणूस मीच आहे, म्हणून हे धाडस करते.

नानांचं मूळ घर नेवाशाचं. घराण्यात भिक्षुकी आणि शिक्षकी. वडील शाळेत संस्कृत शिकवत. मुलानेही खडू हातात धरावा अशी त्यांची इच्छा; मुलाने पाना धरला. डिप्लोमा करून नाना साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. नोकरीत असल्यापासूनच सुट्टीच्या दिवशी मोटारसायकली उघडून त्यांना नवं रूप द्यायचा त्यांना छंद होता. जुन्या गाडीचा सांगाडा घ्यायचा, पत्रा ठोकून टाकी नवी करायची, मागचा भाग कापून आटोपशीर करायचा, अनावश्यक ते सगळं काढून टाकायचं. त्यांच्या हातची गाडी एसटी स्टँडबाहेर उभी राहिली की माणसं चहा टाकून बघायला जमत. आज ज्याला 'कस्टम' म्हणतात ते नाना तेव्हापासून करत होते. फक्त हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता.

मी पहिल्या दिवशी शेडमध्ये गेले तेव्हा नानांनी मला काम दाखवायच्या आधी एक हकीकत सांगितली. पुढे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकालाही ती सांगताना मी त्यांना ऐकलं आहे, म्हणून इथे लिहायला संकोच वाटत नाही.

नानांचे बालमित्र वामनराव, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते संगमनेरात शाळेत शिकवत. त्यांच्यासाठी नानांनी एक गाडी केली. नानांच्या मते ती त्यांची तोवरची सर्वांत देखणी गाडी. बोटभर जाडीची सीट, आखूड मडगार्ड, मागे कॅरिअर नाही, आजूबाजूला एक नळीसुद्धा जास्त नाही. मास्तर एकदा त्याच गाडीवरून मुलीकडे पुण्याला निघाले. बरोबर बॅग होती, आणि बॅग बांधायला गाडीवर जागाच नव्हती. त्यांनी ती मागच्या सीटवर दोरीने आवळली. चंदनापुरीच्या घाटात वळणावर बॅग एका अंगाला घसरली, तिचा पट्टा मागच्या चाकात गेला आणि चाक जाम झालं. मास्तर वाचले, पण उजवा गुडघा कायमचा आखडला. नंतर तो पाय जेमतेम वाकायचा.

मास्तरांनी नानांना कधी दोष दिला नाही. उलट दवाखान्यात भेटायला गेलेल्या नानांना ते म्हणाले, "मुकुंदा, गाठ मीच नीट मारली नव्हती."

नाना मला म्हणाले, "गाठ त्यानं मारली, ताई. पण गाठ मारायला जागा मी ठेवली नव्हती. मी गाडी बघणाऱ्यासाठी केली होती, बसणाऱ्यासाठी नाही."

त्यानंतर कित्येक महिने त्यांनी शेडचं कुलूप उघडलं नाही. एक दिवस रस्त्याच्या कडेने धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरं-घोड्यांसह फिरणारा तांडा, चालला होता. घोड्यांच्या पाठीवर अख्खा संसार: भांडी, घोंगड्या, कोंबड्यांची खुराडी आणि सगळ्यांवर एक कोकरू. घोडी ओढ्यातून उतरली, बांधावर चढली, पण काही हललं नाही. नाना त्यांच्याबरोबर पाऊण कोस चालत गेले आणि विचारलं, ही खोगिरं कोण करतं? त्यांनी आबांचं नाव सांगितलं. अशी ती घोडेगावची भेट झाली होती.

मी शेडवर जाऊ लागले खरी, पण घरात ते सहज पचलं नाही. "गॅरेजात बाईमानसाचं काय काम?" माझ्या सासूबाईंनी आठवड्याभरातच विचारलं. ही गोष्ट नानांच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी ते एका लाकडी स्टुलावर मी शिवलेली पहिली सीट बसवून ते स्टूल घेऊन आमच्या घरी आले. सासूबाईंना नमस्कार करून म्हणाले, "आई, तुमची कंबर दुखते असं कळलं. यावर जरा बसून सांगा, बरं वाटतं का. मला खरं सांगणारं माणूस हवंय."

सासूबाई संशयाने बसल्या. नानांनी चहा घेतला, नेवाशाच्या गोष्टी काढल्या. अर्धा तास गेला.

"बाई गं," सासूबाई म्हणाल्या, "मी कवापासून बसलीय. दुखलं न्हाई की."

"हे तुमच्या सुनेनं केलंय. पण डाव्या अंगाला थोडं टोचतंय का?"

"व्हय, थोडं टोचतंय."

नानांनी डायरी काढून तेही लिहिलं. शेडला लागून त्यांनी माझ्यासाठी स्वतंत्र दार असलेली, भरपूर उजेडाची खोली बांधून घेतली. सासूबाई अनेकदा तिथे येऊन बसत आणि नव्या सीटवर बसून मत देत. 'खाली कडक, वर मऊ' हे आमच्या सीटचं सूत्र पहिल्यांदा त्यांनीच बोलून दाखवलं. नुसत्या मऊ गादीवर माणूस दहा मिनिटं खूश असतं आणि दोन तासांनी रडतं, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. सासूबाईंच्या कमरेनं शिकवलेलं आहे.

आता ज्या गाडीमुळे आमची शेड ओळखली जाऊ लागली तिच्याविषयी. नानांना मास्तरांना पुन्हा गाडीवर बसवायचं होतं. मास्तर नाही म्हणत होते. घरचे तर ऐकूनच घेत नव्हते. नाना वर्षभर काही बोलले नाहीत. फक्त दर रविवारी मास्तरांच्या घरी जात आणि चहा पिताना टेपने काहीतरी मोजत. कधी मास्तरांची मांडी, कधी हाताची लांबी, कधी न वाकणारा गुडघा. शेवटी मास्तरच म्हणाले, "कर एकदाची. निदान मोजणं तरी थांबेल."

काम सोपं नव्हतं. पाय वाकत नाही, म्हणजे पायदान पुढे आणि खाली घ्यायला हवं. पायदान पुढे गेलं की ब्रेकचा दांडा नव्याने करायला हवा. पाय पुढे गेले की शरीराचा सगळा भार बुडाखाली येतो, म्हणून सीट रुंद आणि मध्ये पन्हाळी असलेली. बॅगा मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, खाली आणि शक्य तितक्या पुढे. एका बाजूला सायलेन्सर असल्याने त्या बाजूची बॅग जास्त बाहेर येत होती. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात आणि वजनालाही सारख्या पडाव्यात म्हणून नानांनी तीनदा सायलेन्सरचं वळण बदललं. हे सगळं करूनही गाडी देखणी दिसायला हवी, हा हट्ट त्यांनी सोडला नव्हता. बॅगांच्या चौकटीची नळी त्यांनी टाकीच्या खालच्या कडेच्या रेषेतच वळवली होती. चौकट गाडीबरोबरच जन्मली आहे असं वाटायचं.

पण गाडीचा मागचा भाग नानांनी वर उचललेला ठेवला होता. टाकीपासून निघालेली रेषा सीटवरून जाऊन मागे डौलात वर जायची. भिंतीवर त्यांनी खडूने ती रेषा पूर्ण आकारात काढली होती, आणि तिच्याकडे ते कौतुकानं बघत उभे राहत. मला मात्र दुसरंच दिसत होतं. मी दोन दिवस थांबले आणि मग बोलले.

"नाना, मास्तरांचा पाय यावरून जाणार नाही."

"म्हणजे?"

"गाडीवर बसताना आपण उजवा पाय वाकवून पलीकडे टाकतो. त्यांचा वाकत नाही. सरळ पाय एवढ्या उंचीवरून कसा नेतील?"

नानांचा चेहरा लाल झाला. "ताई, तुम्ही शिवणकाम बघा. सांगाडा माझा आहे."

एवढं कठोर ते माझ्याशी आधी कधी बोलले नव्हते, नंतरही नाहीत. मी खोलीत गेले. मशीन चालवत राहिले, पण काय शिवलं ते आठवत नाही. दोन दिवस आम्ही कामापुरतंही बोललो नाही. काम सोडावं, असं एकदा मनात येऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेडमधून धडपडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तो नाना. त्यांनी आपल्या उजव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत दोन फळ्या बांधल्या होत्या आणि ते गाडीवर बसायचा प्रयत्न करत होते. पहिल्यांदा बुटाची टाच मागच्या पत्र्यावर आदळली. दुसऱ्यांदा तोल गेला. तिसऱ्यांदा ते खाली बसले, फरशीवरच, फळ्या बांधलेला पाय पसरून. मी हात दिला. त्यांनी तो धरला, पण लगेच उठले नाहीत.

"पुन्हा तेच करत होतो मी," ते म्हणाले. "त्याच माणसाच्या बाबतीत. ताई, माझं चुकलं. सांगाडा आपल्या दोघांचा आहे."

फळ्या सोडून त्यांनी ग्राइंडर घेतला आणि तो उचललेला भाग स्वतःच्या हाताने कापला. ठिणग्या उडत होत्या. भिंतीवरची रेषाही त्यांनी ओल्या फडक्याने पुसली. नवी रेषा काढायला आम्हाला तीन आठवडे लागले. ती वर न जाता मागे हळूच खाली उतरते, धावायच्या आधी जनावर दबून उभं राहतं तशी. आज लोक त्या उताराचे फोटो काढतात आणि विचारतात, ही कल्पना कशी सुचली? नाना सांगतात, "ताईंनी पाय मोजला होता."

गाडी तयार झाली. मास्तर आणि नाना यांनी आपापल्या गाडीवरून हंपीपर्यंत जायचं ठरलं. निघायच्या दिवशी मास्तरांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. घाट संपेपर्यंत बॅगांचे पट्टे आणि सीट कशी राहते ते बघायला मी नानांच्या गाडीवर मागे बसले. चंदनापुरीचा घाट जवळ आला तसे मास्तर हळू झाले आणि रस्त्याच्या कडेला थांबले. हेल्मेट काढून त्यांनी घाम पुसला. हवा थंड होती.

नाना उतरून जवळ गेले. "वामन, परत जाऊ या का?"

मास्तरांनी मागे वळून दोन्ही बॅगांवर हात ठेवला, एक एक करून हलवून पाहिली. बॅगा हलल्या नाहीत.

"परत नको," ते म्हणाले. "फक्त तू पुढं जाऊ नकोस, मुकुंदा. माझ्या मागं राहा. मला आरशात दिसत राहा."

पूर्ण घाटभर नानांनी त्या आरशातली आपली जागा सोडली नाही. मी मागे बसून त्यांचे ताठ झालेले खांदे बघत होते. मास्तर पूर्वी जिथे पडले होते ते वळण आलं आणि गेलं. घाट संपल्यावर एका हॉटेलाशी मास्तर थांबले, डावा पाय टेकवला, उजवा सरळ पाय मागच्या उतारावरून सावकाश अलीकडे घेतला आणि उभे राहिले. मग दोघे म्हातारे शेजारी शेजारी उभे राहून चहा प्यायले. मी एसटीने परत आले. सीटवर हात ठेवून पाहायचं राहिलंच होतं, हे मला बसमध्ये आठवलं.

बारा दिवसांनी ते परतले. मास्तरांची तक्रार एकच होती: डाव्या बॅगेचं बक्कल कुरकुरतं. या ग्रंथात मास्तरांचाही लेख आहे. त्यात बक्कल नक्की असेल.

पुढे पुण्यात गाड्यांच्या एका प्रदर्शनात या गाडीचं कौतुक झालं, तेव्हा मंचावर बोलावल्यावर नाना एकटे गेले नाहीत. प्रेक्षकांत बसलेल्या मला त्यांनी वर बोलावलं आणि माइकवर सांगितलं, "ही गाडी बघावीशी वाटते ते माझं काम. तिच्यावर बसून लांब जावंसं वाटतं ते सुनंदाताई शेळके यांचं. त्यांच्या वडिलांचं नावही लिहून घ्या." आबा तेव्हा हयात होते. पेपरात नाव छापून आलं तेव्हा त्यांनी ते कात्रण घोडेगावच्या बाजारात खोगिरांच्या शेजारी मांडून ठेवलं.

नाना फक्त आरामाचे भोक्ते आहेत, दिसण्याला कमी लेखतात, असा कुणाचा समज होऊ नये. मध्यंतरी एक तरुण इंजिनिअर मोबाईलवर परदेशी गाडीचा फोटो घेऊन आला. उंच हँडल, पातळ सीट, मागे काहीच नाही. आणि त्याला बायकोबरोबर लडाखला जायचं होतं. मला वाटलं, नाना त्याला समजावून परत पाठवतील. पण त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "सुंदर आहे. गाडी देखणी हवीच. जिच्याकडे बघून घराबाहेर पडावंसं वाटत नाही, ती दूर कशी नेणार?" मग त्याच्या बायकोकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही मागे बसणार. तुम्हाला कशी हवी?"

ती हसली. "मला अजून कुणी विचारलंच नव्हतं."

त्या दोघांना नानांनी शेडमधल्या स्टँडवरच्या चौकटीवर फोटोतल्यासारखं हँडल लावून तासभर बसवलं आणि स्वतः समोर पेपर वाचत बसले. चाळिसाव्या मिनिटाला तो तरुण खांदे चोळायला लागला. "हँडल चार बोटं खाली घेऊ या का, नाना?" त्यानेच विचारलं. पुढे त्यांच्या गाडीला सुटी होणारी बॅगांची चौकट केली. गावात फिरताना चौकट काढली की ती बसवायच्या भोकांवरची फक्त चार छोटी पितळी टोपणं दिसतात, आणि ती दागिन्यासारखी शोभतात. नाना कुणाची हौस मोडत नाहीत. हौस आणि शरीर यांना समोरासमोर बसवतात आणि आपण बाजूला होतात.

आता हातात थरथर आल्याने वेल्डिंग नाना स्वतः करत नाहीत. ते रोज दहाला येतात, सगळ्यांच्या कामावरून नजर फिरवतात, चुकलं तर सांगतात आणि स्वतःचं चुकलं तर तेही सांगतात. कामाचा आवाका वाढला, दूरदूरची माणसं येतात; तरी आमच्या शेडमध्ये कुणाचीही गाडी, तिच्या मालकाला भेटल्याशिवाय, नुसत्या फोनवर करून दिली जात नाही.

गेल्या महिन्यात मात्र एक नवलाची गोष्ट घडली. नानांच्या पत्नी, शैलाकाकू, सकाळीच शेडवर आल्या. सहसा त्या येत नाहीत. माझ्या खोलीत येऊन खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा, माझं माप घे. आयुष्यभर यांनी जगाच्या गाड्या केल्या. मला घेऊन कुठे गेले नाहीत. म्हणाले, माझ्या गाडीवर तुझे हाल होतील. आता मी सांगितलंय, पंचाहत्तरी शाल-नारळावर साजरी होणार नाही."

मागे नाना टेप घेऊन उभे होते, गिऱ्हाइकासमोर नवखा कारागीर उभा राहावा तसे. काकूंच्या मागण्या ठाम आहेत: पाठीला टेकण, चष्मा ठेवायला हाताशी कप्पा, डबा आडवा होणार नाही अशी बॅग, आणि चढता-उतरताना धरायला दांडा. नानांनी सगळं लिहून घेतलं. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली आहे, पण दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही, या अटीवर. दिवाळीनंतर कोकणच्या किनाऱ्याने खाली उतरत जायचं ठरतं आहे. सीटचं काम माझ्याकडे आहे आणि या लेखाइतकंच ते मला अवघड जातं आहे, कारण या खेपेला चूक झाली तर काकू थेट मलाच सांगणार आहेत.

नानांनी मला कारागीर केलं, घरात मान मिळवून दिला, आणि आपल्याहून लहान माणसासमोर चूक कबूल करताना माणूस लहान होत नाही हे फरशीवर बसून दाखवलं. त्यांचे डोळे आहेत असेच तीक्ष्ण राहोत, पाठ ताठ राहो, श्वास मोकळा राहो. त्यांना आणि त्यांच्या मागे बसणाऱ्या काकूंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. गाडी रोज तीनच तास चालवावी. पण असे दिवस इतके मिळोत, की किनारा संपला तरी त्यांना परत फिरायची घाई नसावी.